म्हणे 'इमर्सिव्ह'!

गेल्या काही वर्षांत आपल्या मोठ्या शहरांमध्ये एक नवीन फॅड आलंय. एक भलामोठा हॉल घ्यायचा, अंधार करायचा, भिंतींवर आणि जमिनीवर प्रोजेक्टरने व्हॅन गॉगची सूर्यफुलं सोडायची, मागे गोडगोड संगीत लावायचं आणि दारावर पाटी ठोकायची - 'इमर्सिव्ह अनुभव'. आत शिरलेला प्रत्येकजण आधी मोबाईल काढतो. काढू देत बापडे! माझं भांडण त्या मागे वाजणाऱ्या संगीताशी आहे. हॉलच्या ह्या कोपऱ्यात उभे राहा की त्या, ऐकू येतं तेच. डोळ्यांना चारी बाजूंनी मेजवानी आणि कानांना वाटाण्याच्या अक्षता.

माझं म्हणणं साधं आहे. आपण जागेवरून हललो तरी ऐकू येणारं बदलत नसेल, तर तिथे आवाज 'इन्स्टॉल' केलेला नाही. नुसता लावून ठेवलाय, लिफ्टमध्ये लावतात तसा.

थोडं फिजिक्स (घाबरू नका, परीक्षा नाहीये). आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. उजवीकडे कोणी टाळी वाजवली, तर ती डाव्या कानाला जेमतेम ०.६ मिलिसेकंद उशिरा पोचते. तेवढ्यावरून मेंदू दिशा ओळखतो. भिंतींवरून परतणारा आवाज खोली केवढी आहे, दगडाची आहे की पडद्यांची, तेही सांगतो. सभामंडपातून गाभाऱ्यात गेलात की डोळे मिटलेले असले तरी कळतं ना? डोळ्यांना फक्त समोरचं दिसतं. कानांना पाठीमागचंही कळतं. मग 'वेढून टाकणारी' कला करायची म्हटल्यावर आधी विचार कशाचा व्हायला हवा?

असा विचार करणारे आहेत. कॅनडाच्या जॅनेट कार्डिफने २००१ मध्ये 'फॉर्टी पार्ट मोटेट' केलं. सोळाव्या शतकातल्या थॉमस टॅलिसची चाळीस आवाजांची रचना. तिने प्रत्येक गायक वेगळा रेकॉर्ड केला आणि चाळीस स्पीकर माणसाच्या उंचीवर, लंबगोलात उभे केले. मधोमध बसलात तर अंगावर लाट येते. एका स्पीकरजवळ गेलात तर एकच माणूस गातोय, त्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो. २०१३ मध्ये हेच काम न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स म्युझियममधल्या दगडी चॅपेलमध्ये मांडलं होतं. स्पीकर तितकेच, रेकॉर्डिंग तेच, पण साध्या पांढऱ्या गॅलरीत ऐकणं वेगळं आणि तिथे ऐकणं वेगळं. ते यूट्यूबवर दोन चॅनेलमध्ये ऐकून 'पाहिलं हो' म्हणणं म्हणजे पंगतीचा फोटो बघून ढेकर देणं!

आपल्याकडचंच उदाहरण हवंय? मुंबईच्या शिल्पा गुप्ताचं काम घ्या, कोची बिएनालेत २०१८ ला आणि व्हेनिसमध्ये २०१९ ला दाखवलेलं. अंधाऱ्या हॉलमध्ये टांगलेले शंभर मायक्रोफोन, पण ते ऐकत नाहीत, बोलतात. त्यांतून तुरुंगात डांबलेल्या शंभर कवींचे शब्द येतात. खाली प्रत्येकाची कविता लोखंडी सळईवर टोचलेली. एक आवाज कुठूनतरी येतो, मग बाकीचे त्यात आपला आवाज मिसळतात. आपल्याला मान वळवावी लागते, उठून त्या दिशेने जावं लागतं. गप्प केलेल्या माणसाचं ऐकायला आपणच जागचं हलायचं, हा अर्थ त्या जागेतूनच येतो. तेच शब्द दोन स्पीकरवर वाजवा, उरेल फक्त काव्यवाचन.

आता कोणी म्हणेल, एका हॉलमध्ये चार कामं असली की आवाजांची खिचडी होते, म्हणून हेडफोन देतात. अहो, चित्रं टांगताना दोन चित्रांत अंतर सोडता ना? मग आवाजाचं अंतर कोणी मोजायचं? हेडफोनशी माझं वैर नाही. कार्डिफच १९९१ पासून हेडफोन लावून चालायचे 'ऑडिओ वॉक' करतेय. पण ती त्याच वाटेवर रेकॉर्ड करते, त्यामुळे कानात कालची पावलं आणि पायाखाली आजचा रस्ता. तिथे हेडफोन जागा पुसत नाही, दुप्पट करतो.

हा निव्वळ कलेतला वाद असता तर मी वीकेंड खर्ची घातला नसता. आपण दिवसभर काय करतो? रस्त्यावर हॉर्न, ऑफिसात ओपन फ्लोअर, म्हणून कानावर नॉइज कॅन्सलिंग चढवतो. कान बंद ठेवणं हे आपलं रोजचं कौशल्य झालंय. ते उघडायला लावेल अशा मोजक्या जागा उरल्यात, आणि तिथेही आपल्याला लिफ्टचंच संगीत मिळणार असेल, तर आपण त्याला टाळ्या वाजवायच्या का?

असो. पुढच्या वेळी असलं तिकीट काढलंत तर एक करा. आत गेल्यावर डोळे मिटा आणि दहा पावलं चाला (कोणाला धडकू नका). काहीच बदललं नाही तर समजा, तुमच्याकडून पैसे फक्त प्रोजेक्टरचे घेतलेत.