गरगर थांबली, तरी तोल का सापडत नाही?

“डॉक्टर, आता गरगरत न्हाई. पण दिवसभर होडीत बसल्यागत वाटतंय.”

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतल्या सरकारी नोकरीत हे वाक्य मी अनेकदा ऐकले. परवा ते एका शेतकरी बाईंकडून ऐकले. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या आंतरकर्णातून निघणाऱ्या तोलाच्या नसेला सूज आली. तीन दिवस घर फिरत होते, उलट्या झाल्या, मग ते थांबले. त्यानंतर मात्र आठवडी बाजाराची गर्दी सोसेना, एसटीच्या खिडकीतून बाहेर बघवेना. रक्त, बीपी, एमआरआय सगळे नॉर्मल. मानेच्या एक्स-रेत झीज दिसली, म्हणून गळ्यात पट्टा आला. ती झीज पन्नाशीनंतर बहुतेकांत दिसते. शेवटी घरच्यांनी ‘मनाचं आहे’ असे ठरवले.

हे मनाचे खेळ नाहीत. या आजाराला ‘पीपीपीडी’ म्हणतात. त्याचे निकष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. तोल सांभाळताना मेंदू कान, डोळे आणि पाय या तिघांकडून खबर घेतो. कान बिघडला की तो डोळ्यांवर जास्त विसंबतो आणि अंग ताठ धरतो. कान सावरल्यावर ही तात्पुरती सोय सुटायला हवी. काहींची सुटत नाही. पडण्याची धास्ती ती आणखी घट्ट करते.

माझे म्हणणे एवढेच, की हे निदान ‘रिपोर्ट नॉर्मल, मग हेच असेल’ असे करू नये. ते रुग्णाच्या बोलण्यातून होते. तीन महिन्यांहून अधिक काळ, बहुतेक दिवस त्रास. उभे राहिल्यावर, हालचालीने, गर्दीत किंवा मोबाइलवर सरकती चित्रे पाहून वाढणारा. तत्पूर्वी रुग्णाला खाटेवर झोपवून, मान वळवून कानातले खडे सरकलेत का, हे पाहावेच. त्याला दोन मिनिटे लागतात. उभे राहताना बीपी उतरते का, रक्त कमी आहे का, हेही तपासावे.

आणि ती चक्करीची गोळी! पहिले दोन-तीन दिवस ती हवी. महिनोन्‌महिने घेतली, तर मेंदूचे नवे शिकणे लांबते. काही गोळ्यांनी वयस्करांचे हात थरथरतात, अंग जखडते. मात्र ती परस्पर थांबवू नका, डॉक्टरांना विचारा. खरा उपचार म्हणजे तोलाचे व्यायाम, समजावणे आणि गरजेप्रमाणे नैराश्यावरचे औषध कमी मात्रेत. ते ‘वेडाचे औषध’ नव्हे.

चकरेबरोबर बोबडी वळली, तोंड वाकडे झाले, एकाचे दोन दिसू लागले किंवा हातपाय लुळे पडले, तर मात्र थांबू नका. तडक मोठे रुग्णालय गाठा.

त्या बाईंचा पट्टा निघाला आहे. व्यायाम सुरू आहेत. बाजारात जातात, गर्दीत अजून मुलाचा हात धरतात.