वडील, मुलगी आणि दोन दारे

काही विषय विद्वानांच्या पत्रिकेत मांडण्याजोगे नसतात, असा आपल्याकडे एक रूढ संकेत आहे. प्रस्तुत विषय त्यांपैकीच एक आहे, याची मला जाणीव आहे. तरीही तो या पृष्ठांवर मांडण्याचे धाडस करतो. कारण अभ्यागत प्राध्यापक म्हणून स्वतःच्या प्रांतापासून दूर राहू लागल्यापासून ज्या प्रश्नाने मला सर्वाधिक वेळा वाटेत अडवले, तो तौलनिक साहित्यशास्त्रातला नव्हता. लहान मुलीला घेऊन प्रवासास निघालेल्या वडिलांनी सार्वजनिक शौचालयाच्या कोणत्या दाराने आत जावे, हा तो प्रश्न होय.

पत्नीची नोकरी पुण्यात आणि माझी येथे, त्यामुळे सुट्यांमध्ये मुलीची ने-आण करण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. पहिल्या प्रवासाच्या वेळी ती साडेचार वर्षांची होती. दक्षिणेतील एका मोठ्या स्थानकावर गाडीची वाट पाहत आम्ही दोन तास बसलो होतो आणि व्हायचे तेच झाले. “बाबा, शू आली,” असे तिने जाहीर केले. मुलांच्या या वाक्यात ‘आत्ता’ हा शब्द अध्याहृत असतो, हे पालकांना सांगावे लागत नाही. फलाटाच्या टोकाला दोन दारे होती. त्यांवरील अक्षरे मला वाचता येत नव्हती, चित्रे मात्र स्पष्ट होती. मी क्षणभर थबकलो आणि तिला पुरुषांच्या बाजूला घेऊन गेलो.

आतल्या अवस्थेचे वर्णन वाचकांनी स्वानुभवावरून पूर्ण करावे. शौचकूपांपर्यंत पोहोचण्यासाठी मुताऱ्यांच्या संपूर्ण रांगेमागून जावे लागत होते. मी तिच्या डोळ्यांवर हात धरून चाललो होतो. परंतु मुलांच्या डोळ्यांवर धरलेल्या हाताला नेहमी फटी असतात. “हे सगळे काका भिंतीकडे तोंड करून का उभे आहेत?” असे तिने खणखणीत आवाजात विचारले. मराठी समजणारे तेथे कोणी नसावे, अशी मी मनोमन प्रार्थना केली. शौचकूपाला कडी नव्हती. एका पायाने दार अडवून, एका हाताने तिला अधांतरी धरून आणि दुसऱ्या हाताने तिचा फ्रॉक सावरून मी ते कार्य उरकले. बाहेर पडताना एका वृद्ध गृहस्थांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिच्यात सहानुभूती होती की निषेध, हे मला अजूनही ठरवता आलेले नाही.

पुढच्या खेपेस, त्याच मार्गावर, मी दुसरा उपाय केला. स्त्रियांच्या दारातून आत जाऊ पाहणाऱ्या एका प्रौढ बाईंना “अम्मा” अशी हाक मारली आणि मुलीकडे बोट दाखवले. पुढे बोलण्याइतके तेलुगू मला येत नव्हते; बोलावे लागलेही नाही. त्यांनी पोरीचा हात धरला आणि दोघी आत गेल्या. मी बाहेर उभा राहिलो. तीन-चार मिनिटेच गेली असतील; पण त्या अवधीत किती अशुभ विचार मनात येऊन गेले, ते सांगण्यासारखे नाही. मुलगी बाहेर आली ती हात धुऊन आणि ‘नीळ्ळु’ म्हणजे पाणी, हा एक नवा शब्द घेऊन. बाईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली आणि त्या गर्दीत मिसळून गेल्या. आभार मानायचेही राहून गेले.

एकट्या वडिलांसाठी हा आपल्या देशातील सर्वमान्य उपाय आहे आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही. भाषा, जात, प्रांत यांची काहीही चौकशी न करता एक अनोळखी स्त्री दुसऱ्याचे मूल क्षणभर आपले मानते, ही लहान गोष्ट नव्हे. मी आजवर अनेकदा अशी विनंती केली; एकाही स्त्रीने नकार दिला नाही. परंतु याच मुलीला आम्ही घरी शिकवतो की अनोळखी माणसाबरोबर कोठेही जायचे नाही, आणि बाहेर पडताच मी स्वतः तिला अनोळखी माणसाच्या स्वाधीन करतो. रवींद्रनाथांच्या ‘काबुलीवाला’ (१८९२) या कथेतील मिनीही पाच वर्षांची आहे. तेथेही बाप विश्वास टाकतो आणि आई धास्तावते. वाचक बापाच्या बाजूने उभा राहतो, कारण कथाकाराने त्याला रहमतचे अंतःकरण दाखवलेले असते. फलाटावर उभ्या असलेल्या बापाला असे कोणाचेच अंतःकरण दिसत नाही. शिवाय या उपायातली दुसरी उणीव मला अधिक बोचते. मुलाला शौचास नेणे हे बाईचेच काम, ही समजूत त्याने अबाधित राहते. फक्त बाई बदलते. घरची जाऊन परकी येते.

आई लहान मुलाला घेऊन स्त्रियांच्या शौचालयात जाते, तेव्हा कोणाच्या भुवया उंचावत नाहीत. पाच-सहा वर्षांचा मुलगा तेथे केवळ ‘मूल’ असतो. त्याच वयाची मुलगी पुरुषांच्या बाजूला आली की ती ‘मूल’ राहत नाही, एकदम ‘मुलगी’ होते. या भेदाला पुष्कळदा संस्कृती असे नाव दिले जाते. वस्तुतः त्यात एक कबुली दडलेली आहे: पुरुषांची सार्वजनिक जागा ही मुलाबाळांना नेण्याच्या लायकीची नाही, हे आपण सर्वांनी, विशेषतः पुरुषांनी, निमूटपणे मान्य केलेले आहे. घाण, मोडकी दारे, भिंतीवरची अश्लील चित्रे यांबद्दल पुरुषांनी तक्रार केल्याचे मला फारसे आठवत नाही. स्वतःपुरते आपण भागवून घेतो. मुलगी बरोबर असली म्हणजे त्या जागेकडे प्रथमच डोळे उघडून पाहावे लागते.

मग वडिलांनी स्त्रियांच्या बाजूला का जाऊ नये, असे काही मित्र विचारतात. काही देशांत ते चालते, असेही सांगतात. मला हा मार्ग पटत नाही. स्त्रियांची ती जागा त्यांना सहजासहजी मिळालेली नाही. लंडनच्या सेंट पँक्रस भागात स्त्रियांसाठी शौचालय असावे म्हणून बर्नार्ड शॉ स्थानिक कारभारी मंडळात भांडत होता आणि १९०९ साली त्याने या ‘अनुच्चारणीय’ विषयावर निबंधच लिहिला, हे त्याच्या नाटकांच्या अभ्यासकांनाही क्वचितच ठाऊक असते. आपल्याकडे मुंबईत २०११ साली ‘राइट टू पी’ ही मोहीम उभी राहिली, ती पुरुषांना मुतारी फुकट आणि स्त्रियांना मात्र पैसे, या अन्यायाविरुद्ध. रस्त्यांवर स्त्रियांसाठी स्वच्छ आणि सुरक्षित स्वच्छतागृहे असावीत म्हणून ‘मिळून साऱ्याजणी’ या मासिकाच्या वतीने मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली आणि २०१५ साली न्यायालयाने महापालिकांना त्याबाबत आदेश दिले. एका मराठी मासिकाने असा विषय न्यायालयापर्यंत न्यावा, याचा वाङ्मयाच्या अभ्यासकाला अभिमान वाटायला हवा. इतक्या झगड्याने मिळालेल्या जागेत, हातात मूल आहे एवढ्या परवान्यावर, परपुरुषाने शिरावे, हे मला उचित वाटत नाही. आतल्या स्त्रीला मी कोण, हे कसे कळावे?

मात्र दोन दारांखेरीज अन्य व्यवस्था अशक्य आहे, हेही खरे नाही. त्याचा पुरावा त्याच फलाटावर येऊन उभा राहतो. रेल्वेच्या जुन्या पद्धतीच्या शयनयानात ७२ शायिका आणि चार शौचकूप असतात. त्यांवर ‘स्त्रिया’ किंवा ‘पुरुष’ अशी पाटी नसते. सनातनी कुटुंबे, नवविवाहिता, संन्यासी, सैनिक असे सगळे दोन-दोन दिवस त्यांचा वापर करतात आणि कोणाचाही धर्म बुडत नाही. तेथील स्वच्छतेचे गुणगान मला करायचे नाही. पण वडील आणि मुलगी यांना तेथे कोणते दार, हा प्रश्न पडत नाही. कारण उघड आहे. तेथे उघडी रांग नाही. एक खोली आहे, तिला दार आहे आणि दाराला बहुधा कडी आहे. मुलीची लाज आणि सुरक्षितता राखते ती कडी. पाटीचे काम त्यानंतरचे. फलाटावर उतरताच आपण हे विसरतो.

याचे मूळ नियमांच्या कोष्टकांत आहे. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत सार्वजनिक इमारतींसाठी किती शौचकूप आणि किती मुताऱ्या असाव्यात, याचे तक्ते आहेत. त्यांत स्तंभ दोनच: पुरुष आणि स्त्रिया. बापाच्या बोटाला धरून आलेली मुलगी कोणत्या स्तंभात मोजायची? ती स्त्रियांत मोजली जाते आणि येते मात्र पुरुषाबरोबर. तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र सार्वजनिक शौचालये असावीत, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या निकालात दिला, तेव्हाच दोन स्तंभांची ही विभागणी अपुरी असल्याचे सिद्ध झाले होते. दिव्यांगांसाठीचे शौचालय बहुधा स्त्री-पुरुष दोघांसाठी असते, म्हणून पुष्कळ वडील त्याचा आसरा घेतात. मीही घेतला आहे, आणि प्रत्येक वेळी मनात अपराधी भावना बाळगून. अर्थात अनेक ठिकाणी त्यालाही कुलूप असते आणि किल्ली कोणाकडे आहे, याचा शोध लागेपर्यंत मुलीचे काम होऊन गेलेले असते. अमेरिकेत २०१६ साली संमत झालेल्या कायद्याने संघराज्याच्या सार्वजनिक इमारतींत स्त्रियांच्या आणि पुरुषांच्या अशा दोन्ही स्वच्छतागृहांत तान्ह्या मुलांचे लंगोट बदलण्याची सोय सक्तीची झाली. केवढी साधी गोष्ट! पण त्या कायद्याने बापाला पालक म्हणून एका भिंतीवर जागा दिली.

पैसे देऊन वापरायच्या शौचालयांत, ज्यांची प्रथा १९७४ साली पाटण्यात बिंदेश्वर पाठक यांच्या ‘सुलभ’ने पाडली, एक सोय न ठरवता झाली आहे. दोन दारांच्या मध्ये टेबल टाकून एक माणूस बसलेला असतो. मुलीला पाहून तो उठतो, पुरुषांच्या बाजूला डोकावतो आणि म्हणतो, “आत्ता कोणी नाही, घेऊन जा.” मग तो दाराशी उभा राहतो आणि येणाऱ्याला दोन मिनिटे थांबवतो. हे त्याच्या नोकरीच्या नियमांत लिहिलेले असेल असे मला वाटत नाही. लिहिले जायला हवे, एवढीच माझी सूचना आहे.

माझ्या मागण्याही तशाच साध्या आहेत. जेथे नवे शौचालय बांधले जाईल तेथे आतून कडी लागणारी, हात धुण्याची सोय असलेली, कोणत्याही पालकाला मुलासह वापरता येईल अशी एक स्वतंत्र खोली असावी. तेवढी जागा नसेल, तर पुरुषांच्या बाजूला शौचकूप दाराजवळ आणि मुताऱ्या आतल्या अंगाला असाव्यात. बांधकामाचा खर्च त्याने वाढत नाही. फक्त नकाशा काढणाऱ्याने एकदा स्वतःच्या मुलीला घेऊन तेथे जाण्याची कल्पना करावी लागते. आणि कड्या दुरुस्त कराव्यात.

आपल्या वाङ्मयात बाप आणि मुलगी यांची गाठ पडते ती बहुधा निरोपाच्या क्षणी. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात कण्व गहिवरतो आणि शतकानुशतके आपण त्याच्याबरोबर गहिवरत आलो आहोत. त्याआधीच्या वर्षांत शकुंतलेला न्हाऊमाखू कोणी घातले, हे नाटक सांगत नाही; आश्रमात गौतमी होती, तेव्हा प्रश्न मिटला असावा. मराठी कथा-कादंबऱ्यांतही मुलीला सासरी पाठवताना डोळे पुसणारे वडील पुष्कळ आढळतात. तिची शू काढणारा बाप मला तरी आढळलेला नाही. घरोघरी असे बाप पूर्वीही असतील. कोणाची पत्नी आजारी होती, कोणाची वारली होती, कोणाची दूर नोकरीला होती. मुलीला उपचारासाठी मुंबईला टाटा रुग्णालयात घेऊन आलेले, परळच्या पदपथावर मुक्काम करणारे वडील मी पाहिले आहेत. दिवसातून चार-पाच वेळा हा प्रश्न त्यांच्यासमोर येत असला पाहिजे, आणि बायको बरोबर नाही याची आठवण प्रत्येक वेळी एक बंद दार त्यांना करून देत असले पाहिजे.

माझी मुलगी आता सात वर्षांची आहे. गेल्या महिन्याच्या प्रवासात ती स्त्रियांच्या बाजूला एकटी गेली. मी बाहेर दोन पिशव्या आणि तिची पाण्याची बाटली घेऊन उभा होतो. दर अर्ध्या मिनिटाला मी “झालं का गं?” असे ओरडत होतो आणि आतून ती “थांबा ना बाबा!” असे ओरडत होती. शेजारी आणखी एक गृहस्थ उभे होते. त्यांची मुलगी तीनेक वर्षांची असावी, कडेवर. माझी मुलगी बाहेर आल्यावर त्यांनी हिंदीत तिलाच विचारले, “बेटी, आत कडी लागते का?”

“नाही लागत,” ती म्हणाली. “मी दप्तर लावलं होतं दाराला.”