विश्लेषण : नर्सच्या हातात प्रमाणपत्र आले, पण ट्रॉमा प्रशिक्षणाचा दर्जा तपासायचा कोणी?

चिपळूणहून कराडकडे निघाले की वीसेक किलोमीटरवर अलोरे लागते. कोयना प्रकल्पाची वसाहत, जवळच कोळकेवाडी धरण आणि पुढे पोफळी ओलांडली की कुंभार्ली घाटाची वळणे. या घाटात पावसाळी धुक्यात एखादा ट्रक उलटला, तर जखमीला घेऊन खाली उतरायचे आणि चिपळूणजवळचे कामथे उपजिल्हा रुग्णालय किंवा त्याही पुढचे डेरवण गाठायचे, नाहीतर घाट चढून कराडला जायचे. कोणताही रस्ता धरला तरी वेळ जातोच.

रुग्णालयात जखमीच्या अंगाला पहिला हात बहुतेक वेळा नर्सचा लागतो. म्हणूनच आपत्कालीन विभागातल्या नर्ससाठी दोन-तीन दिवसांचे ट्रॉमा कोर्स घेतले जातात. पण हे कोर्स चांगले आहेत की नाहीत, यावर लक्ष कोण ठेवते?

ट्रॉमा नर्सिंग म्हणजे नेमके काय?

ट्रॉमा म्हणजे अपघात, पडणे, भाजणे, मार लागणे यातून झालेली गंभीर इजा. अशा रुग्णाची तपासणी ठरलेल्या क्रमाने करायची असते. श्वासनलिका मोकळी आहे का आणि मान स्थिर धरली आहे का, हे आधी. मग श्वास, मग रक्तस्राव आणि नाडी, त्यानंतर शुद्ध आणि शेवटी अंगावरचे कपडे बाजूला करून लपलेल्या जखमा. रक्ताची धार लागली असेल तर आधी ती थांबवायची, यावर अलीकडे अधिक भर आहे.

हा क्रम पाठ असणे वेगळे आणि नातेवाइकांचा आरडाओरडा सुरू असताना, एकाच वेळी तीन जखमी आलेले असताना तो पाळणे वेगळे. ट्रॉमा कोर्सचा खरा उद्देश दुसऱ्या गोष्टीचा सराव हा आहे.

हे कोर्स आले कुठून?

त्याची सुरुवात ग्रामीण भागातल्या अपघातातून झाली. फेब्रुवारी १९७६ मध्ये अमेरिकेतील अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. जेम्स स्टायनर यांचे छोटे विमान नेब्रास्का राज्यातील शेतात कोसळले. पत्नीचा मृत्यू झाला, ते स्वतः आणि मुले जखमी झाली. जवळच्या छोट्या रुग्णालयात मिळालेले उपचार त्यांना अपुरे वाटले. त्यातून १९७८ मध्ये डॉक्टरांसाठी ‘अ‍ॅडव्हान्स्ड ट्रॉमा लाइफ सपोर्ट’ म्हणजे ‘एटीएलएस’चा पहिला कोर्स झाला आणि १९८० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो स्वीकारला.

नर्ससाठी अमेरिकेच्या इमर्जन्सी नर्सेस असोसिएशनने १९८६ मध्ये ‘ट्रॉमा नर्सिंग कोअर कोर्स’ म्हणजे ‘टीएनसीसी’ आणला. सोसायटी ऑफ ट्रॉमा नर्सेसचा ‘एटीसीएन’ हा कोर्स ‘एटीएलएस’च्या जोडीने चालतो. व्याख्याने डॉक्टरांबरोबर, कौशल्यांचा सराव मात्र नर्सचा स्वतंत्र.

भारतात काय सोय आहे?

दिल्लीच्या ‘एम्स’चे जयप्रकाश नारायण अ‍ॅपेक्स ट्रॉमा सेंटर हे या प्रशिक्षणाचे प्रमुख केंद्र आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२१ मध्ये डॉक्टर, नर्स आणि पॅरामेडिक यांच्यासाठी ‘नॅशनल इमर्जन्सी लाइफ सपोर्ट’ हा देशी कोर्स सुरू केला. परदेशी कोर्सच्या फीला आणि परवान्याला पर्याय मिळावा, हा त्यामागचा विचार. जागतिक आरोग्य संघटना आणि रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने २०१८ मध्ये साधनांची चणचण असलेल्या रुग्णालयांसाठी ‘बेसिक इमर्जन्सी केअर’ हा कोर्स आणला.

याशिवाय भारतीय परिचर्या परिषदेचा आपत्कालीन आणि आपत्ती परिचर्येचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. मात्र नोकरी, रात्रपाळी आणि घर सांभाळणाऱ्या सिस्टरला वर्षभराची रजा मिळणे कठीण. त्यामुळे तिच्या वाट्याला बहुधा दोन दिवसांची कार्यशाळाच येते.

मग अडचण कुठे आहे?

दुकानदाराचा वजनकाटा वैधमापन विभाग ठरावीक मुदतीने तपासतो आणि शिक्का मारतो. प्रशिक्षणाचा काटा असा कोण तपासतो, याचे उत्तर विखुरलेले आहे.

नर्सिंग कॉलेजांचे अभ्यासक्रम आणि मान्यता यासाठी भारतीय परिचर्या परिषद व आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. नर्सची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी दर पाच वर्षांनी निरंतर शिक्षणाचे ‘क्रेडिट अवर’ दाखवावे लागतात. पण क्रेडिट अवर मुख्यतः हजेरीचे तास मोजतात. छातीत हवा कोंडलेला रुग्ण त्या नर्सला ओळखता येतो का, हे त्यावरून कळत नाही.

अल्पकालीन कोर्सचा दर्जा राखण्याची जबाबदारी मुख्यतः तो कोर्स चालवणाऱ्या संस्थेवरच येते. मोठ्या आंतरराष्ट्रीय कोर्सचे स्वतःचे नियम कडक आहेत. ‘टीएनसीसी’मध्ये लेखी परीक्षेसोबत प्रात्यक्षिक परीक्षा असते आणि प्रमाणपत्र चार वर्षांनी संपते. ‘एटीएलएस’मध्ये कौशल्याच्या सरावाला चार विद्यार्थ्यांमागे साधारण एक प्रशिक्षक असतो. स्थानिक कार्यशाळेत मात्र सभागृहात शंभर जण, समोर पीपीटी, शेवटी प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो एवढ्यावरही काम भागू शकते. कागदावर दोन्ही ‘ट्रॉमा प्रशिक्षण’च.

दर्जा मोजायचा तरी कसा?

प्रशिक्षणाच्या मूल्यमापनासाठी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये चार पायऱ्या मांडल्या. त्या आजही वापरल्या जातात.

पहिली पायरी : कोर्स आवडला का? फीडबॅक फॉर्म एवढेच सांगतो.

दुसरी : शिकले का? कोर्सआधी आणि नंतर परीक्षा घेऊन हे कळते.

तिसरी : कामात वापरले का? यासाठी कॅज्युअल्टीत जाऊन पाहावे लागते.

चौथी : रुग्णाचा फायदा झाला का? यासाठी नोंदी लागतात.

बहुतेक ठिकाणी गाडी दुसऱ्या पायरीच्या पुढे जात नाही.

प्रशिक्षणाने जीव वाचतात, याचा पुरावा आहे का?

इथे सावध राहायला हवे. कॉक्रेन या संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यात रुग्णालयातील कर्मचाऱ्यांच्या प्रगत ट्रॉमा प्रशिक्षणामुळे जखमींचे मृत्यू कमी होतात, असे दाखवणारा नियंत्रित चाचण्यांचा पुरावा आढळला नाही. कर्मचाऱ्यांचे ज्ञान वाढते, याचे मात्र काही पुरावे होते.

याचा अर्थ प्रशिक्षण निरुपयोगी आहे असा नाही. फायदा नीट मोजलाच गेला नव्हता, असा आहे. शिवाय शिकलेले टिकतही नाही. छातीदाबाचा वेग मिनिटाला १०० ते १२० आणि खोली पाच ते सहा सेंटिमीटर हवी, हे लक्षात राहते. पण सराव नसेल तर हाताचे कौशल्य काही महिन्यांतच घसरू लागते, असे अभ्यासांत वारंवार दिसले आहे.

ज्ञानही बदलते. २०१० मध्ये ‘क्रॅश-२’ या २० हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीने दाखवले की, रक्तस्राव होणाऱ्या जखमीला ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिड वेळेत दिल्यास मृत्यू कमी होतात. पुढच्या विश्लेषणात हा फायदा पहिल्या तीन तासांतच दिसला. त्यामुळे अपघात किती वाजता झाला, हे विचारून केसपेपरवर लिहिणे हीसुद्धा उपचाराचीच पायरी ठरते. जुन्या स्लाइडवर चालणाऱ्या कोर्सला हे शिकवता येणार नाही.

अलोरेसारख्या ठिकाणी हे अधिक महत्त्वाचे का?

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला, त्यात महाराष्ट्रातील १५ हजार २२४. राज्यात २०१४ पासून ‘१०८’ची रुग्णवाहिका सेवा आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने इजेनंतरच्या पहिल्या तासाला ‘गोल्डन अवर’ अशी कायदेशीर व्याख्या दिली. मे २०२५ मध्ये अपघातग्रस्तांना सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मोफत उपचारांची योजना अधिसूचित झाली.

म्हणजे गाडी आहे, कायदा आहे, पैशांची तरतूद आहे. पण घाटाच्या पायथ्याशी या तासाचा मोठा भाग प्रवासातच जातो. उरलेल्या मिनिटांत मान न हलवता रुग्णाला उतरवणे, रक्त थांबवणे, योग्य ठिकाणी रेफर करताना पूर्ण माहिती पुढे देणे, हे सगळे ड्युटीवरच्या एक-दोन नर्सवर येते. मोठ्या शहरात चुकले तर सावरायला शेजारी सीनियर असतो. इथे तो असेलच असे नाही. शिवाय याच चिपळूण तालुक्याने २०१९ मध्ये तिवरे धरण फुटलेले आणि २०२१ मध्ये महापूर पाहिला आहे.

पुढे काय करता येईल?

भारतीय परिचर्या परिषदेच्या १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायदा केला. त्यात संस्थांच्या मूल्यांकनासाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे. अल्पकालीन कौशल्य कोर्सही अशाच कसोटीखाली आणण्याची ही संधी आहे.

रुग्णालय पातळीवर मात्र कायद्याची वाट पाहायची गरज नाही. दर महिन्याला अर्ध्या तासाचा सराव, गंभीर रुग्णांच्या केसपेपरचा एकत्र आढावा आणि जागतिक आरोग्य संघटनेची एक पानी ट्रॉमा चेकलिस्ट भिंतीवर, एवढे परिसेविका आणि वैद्यकीय अधिकारी ठरवून करू शकतात. मात्र आढावा चूक शोधण्यासाठी असावा, शिक्षेसाठी नाही. नाहीतर नोंदीच नीट होणार नाहीत.

आणि कोर्सला पैसे भरणाऱ्या नर्सने आधी पाच प्रश्न विचारावेत : एका प्रशिक्षकामागे किती जण? प्रत्येकीला स्वतःच्या हाताने सराव मिळणार का? प्रात्यक्षिक परीक्षा आहे का? त्यात कोणी नापास होते का? प्रमाणपत्राची मुदत किती?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘आमच्याकडे सगळे पासच होतात’ असे आले, तर तिथे फक्त हजेरी मोजली जाते, असे समजावे. कुंभार्ली घाटातून खाली आणलेल्या जखमीला त्या हजेरीचा उपयोग नसतो.