देव हलत नाही, आपण हलतो

परवा घरच्या ग्रुपवर चारठाण्याचे सत्तर फोटो आले. जिंतूर तालुक्यातलं चारठाणा, यादवकाळातल्या देवळांचं. फोनवर सगळे झकास दिसले. जरा मोठे करून पाहिले, तर मूर्तीच्या गळ्यातल्या माळेचे मणी एकमेकांत विरघळलेले! उत्तर ठरलेलं, "कॅमेराच साधा आहे रे. आता लाखाचा घ्यावा लागेल."

साफ चूक. अहो, लग्नातला नवरदेव हलतो, पाळण्यातलं पोर हलतं. ही दगडी मंडळी शेकडो वर्षं जागची हललेली नाहीत. मग घाई कुणाला? मंडपातला अंधार पाहून ऑटोवरचा कॅमेरा घाबरतो आणि आयएसओ ३२०० करून टाकतो. फोटोत दाणे येतात, बारीक नक्षी जाते. समजा, तेव्हा एफ/८ ला शटर १/६० मिळतंय. आयएसओ १०० वर आणलं की पाच स्टॉप गेले, म्हणजे शटर जवळपास अर्धा सेकंद उघडं. हाताला हे जमत नाही, ट्रायपॉडला जमतं. दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबल्याचा धक्का बसत नाही. लाइव्ह व्ह्यू मोठा करून मूर्तीच्या डोळ्यावर हाताने फोकस करा. झालं!

दुसरा पंथ त्याहून हट्टी: "सगळं शार्प हवं ना? मग एफ/२२!" इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि अख्खा फोटो मऊ पडतो. सपाट शिल्पपटाला एफ/८ पुरतं, खोल मंडपाला फार तर एफ/११. (समोरून फ्लॅश मारून कोरीव कामाचा पापड करणाऱ्यांबद्दल पुन्हा कधीतरी.)

संरक्षित स्मारकांत ट्रायपॉडला परवानगी लागते, हे मान्य. मग किलोभर ज्वारीची पिशवी न्या, एखाद्या ओट्यावर ठेवा आणि वर कॅमेरा रुतवून बसवा. कोरीव दगडावर मात्र नको. परभणीकरांना ज्वारीचं काय दुर्भिक्ष?

मी एवढा चिडतोय, कारण दगड झिजतो, तेला-शेंदराचे थर चढतात. उद्या एखाद्या मूर्तीची बोटं गेली, तर ती कशी होती हे पाहायला फोटोच उरणार, आणि त्यातही बोटं दिसणार नसतील तर आपण तिथे जाऊन केलं काय?

असो. भाऊराया, पुढच्या खेपेला सातच काढ, पण मणी मोजता आले पाहिजेत. ज्वारी मी देतो.