नामांतर सरकारचे, पुरावा नागरिकाचा

राजधानीत नामांतराचा विषय निघाला की चर्चा इतिहासात शिरते आणि तेथून सहसा बाहेर येत नाही. औरंगाबाद आणि उस्मानाबाद यांच्या बाबतीत तर न्यायालयीन वादही आता संपला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये नामांतर वैध ठरविले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. सरकारचा अधिकार त्यामुळे निर्विवाद झाला आहे. शिल्लक आहे तो एक रुक्ष प्रशासकीय प्रश्न. ज्याच्या जन्मदाखल्यावर औरंगाबाद आहे, निवासाच्या पुराव्यावर छत्रपती संभाजीनगर आहे आणि जो कॅनडात किंवा अमेरिकेत स्थायिक होण्यासाठी अर्ज करीत आहे, त्याने ही दोन्ही नावे एकाच शहराची आहेत हे कोणाच्या सहीने सिद्ध करावे?

प्रश्न क्षुल्लक वाटण्याजोगा आहे. अर्जदाराला तो तसा वाटत नाही. कॅनडाच्या ‘एक्स्प्रेस एंट्री’ पद्धतीत निमंत्रण आल्यानंतर संपूर्ण अर्ज सादर करण्यास ६० दिवसांची मुदत असते, आणि चुकीची माहिती दिल्याचे सिद्ध झाल्यास पाच वर्षे दरवाजा बंद होतो. नामांतर म्हणजे काही चुकीची माहिती नव्हे. तथापि ओटावातील किंवा अन्य कोठला अधिकारी मराठवाड्याचा इतिहास जाणून बसलेला नसतो. त्याच्यासमोर जन्मस्थळाची दोन नावे असतात, आणि जुने नाव नकाशावर शोधले तर त्याला बिहारमधील औरंगाबादही सापडते. लोकसभेच्या यादीतही औरंगाबाद नावाचे दोन मतदारसंघ आहेत, एक बिहारचा आणि एक महाराष्ट्राचा.

होय, महाराष्ट्राचाही अजून औरंगाबादच. नामांतर ही एका दिवसात घडणारी गोष्ट आहे असा समज राजकीय भाषणांतून होतो. वस्तुतः राज्यसंस्थेच्या प्रत्येक खात्याचे घड्याळ वेगळे चालते. शहराच्या नामांतराला केंद्राची ना-हरकत २०२३ च्या फेब्रुवारीत मिळाली, जिल्ह्याच्या आणि विभागाच्या नावाची अधिसूचना सप्टेंबरमध्ये निघाली, रेल्वे स्थानकाचे नाव बदलण्यास २०२५ चा ऑक्टोबर उजाडला. लोकसभेची २०२४ ची निवडणूक औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगर याच नावांच्या मतदारसंघांत झाली, कारण मतदारसंघाचे नाव परिसीमनाच्या आदेशाने ठरते, राज्य सरकारच्या अधिसूचनेने नव्हे. अलाहाबाद २०१८ मध्ये प्रयागराज झाले, पण तेथील उच्च न्यायालय अलाहाबादचेच राहिले. मुंबईचे उच्च न्यायालय कायद्याच्या लेखी आजही ‘बॉम्बे’ आहे. त्याचे नाव बदलणारे विधेयक २०१६ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि पुढे व्यपगत झाले. स्वतः राज्यसंस्था दोन नावांनी सुखेनैव नांदते. सर्व कागदांवर एकच नाव असावे ही अपेक्षा मात्र नागरिकाकडून केली जाते.

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो जन्मदाखलाच बदलून घेण्याचा. तो बहुतांशी चुकीचा आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १५ खाली निबंधकाला नोंदीत दुरुस्ती करता येते, ती नोंद चुकीची असेल अथवा लबाडीने किंवा अयोग्य रीतीने केलेली असेल तर; आणि तीदेखील मूळ नोंदीला हात न लावता, समासात लिहून. १९८५ साली ‘औरंगाबाद’ असे लिहिणाऱ्या निबंधकाने कोणतीही चूक केलेली नव्हती. तेव्हा ते गाव त्याच नावाचे होते. जुनी नोंद खरी आहे आणि नवे नावही खरे आहे; या दोहोंना जोडणारा कागद तेवढा हवा. तो कागद म्हणजे राजपत्रातील अधिसूचना. जन्मस्थळ पासपोर्टवर असेल तसेच अर्जात लिहावे, जुने दाखले जसेच्या तसे जोडावेत आणि सोबत अधिसूचनेची प्रत, ती मराठीत असल्यास प्रमाणित इंग्रजी भाषांतरासह, आणि चार ओळींचे स्पष्टीकरण द्यावे. रोमन लिपीतील अक्षरयोजनेकडे विशेष लक्ष हवे. ‘छत्रपती’चे एका कागदावर संक्षिप्त रूप, दुसऱ्यावर पूर्ण रूप आणि तिसऱ्यावर एक ‘एच’ गाळलेला, असे झाले की दोन नावांची चार होतात.

अनेक जण मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र करून देतात. यातील विसंगती कोणाला खटकत कशी नाही, याचे नवल वाटते. निर्णय सरकारचा, आणि तो झाला आहे याची शपथ नागरिकाने घ्यायची! अपॉस्टिलनेही हे काम होत नाही. भारतात ही पद्धत २००५ पासून लागू आहे आणि कॅनडानेही जानेवारी २०२४ पासून ती स्वीकारली. परंतु अपॉस्टिल प्रमाणित करते ते सही, शिक्का आणि सही करणाऱ्याचा अधिकार. कागदातील मजकुराशी तिचा संबंध नसतो.

शैक्षणिक कागदांची गुंतागुंत आणखी वेगळी. १९९२ साली पदवी घेतलेल्या अभियंत्याच्या प्रमाणपत्रावर ‘मराठवाडा विद्यापीठ’ असते; १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारानंतर तेच डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. ‘युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे’ १९९६ मध्ये मुंबईची झाली, पुणे विद्यापीठ २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले यांच्या नावाचे झाले. परदेशातील मूल्यांकन संस्था पडताळणी मागते तेव्हा उत्तर आजच्या नावाने जाते आणि प्रमाणपत्र कालच्या नावाचे असते. विद्यापीठांचे पत्रव्यवहार मात्र त्यातल्या त्यात सुरळीत आहेत, कारण तेथे नाव बदलले तरी उत्तर देणारे कार्यालय एकच असते. गावाच्या नावाबाबत असे कोणतेही एक कार्यालय नाही.

येथेच दिल्लीचा संबंध येतो. राज्याचे नाव बदलायचे तर घटनेच्या अनुच्छेद ३ नुसार संसदेला कायदा करावा लागतो. उत्तरांचलचे उत्तराखंड आणि ओरिसाचे ओडिशा करणाऱ्या कायद्यांत, जुन्या नावाचा उल्लेख असलेले कायदे आणि प्रलंबित खटले यांची व्यवस्था लावून दिलेली आहे. शहराच्या नामांतरात संसदेची गरज पडत नाही. केंद्रीय गृह मंत्रालय १९५३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रेल्वे, टपाल खाते आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांना विचारते आणि ना-हरकत देते. त्या नावाचे दुसरे गाव आहे काय, हे पाहिले जाते. गाडी चुकू नये आणि पत्र चुकू नये, ही काळजी १९५३ साली पुरेशी होती. परदेशी वकिलातींना अधिकृतपणे कळविणे, जुन्या-नव्या नावांची प्रमाणित सूची परराष्ट्र मंत्रालयाने ठेवणे आणि जिल्हाधिकाऱ्याने मागताक्षणी इंग्रजीत एकपानी दाखला देणे, एवढ्या तीन गोष्टी ना-हरकतीच्या अटी म्हणून जोडण्यास कायदाही लागत नाही. गृह मंत्रालयाचे एक परिपत्रक पुरेल.

याची गरज केवळ मराठवाड्याला नाही. कर्नाटकाने १ नोव्हेंबर २०१४ रोजी एका दमात बारा शहरांची नावे बदलली. त्यात बेळगावचे बेळगावी झाले. तेथील मराठी माणसाच्या घरात शाळेच्या दाखल्यावर ‘बेळगाव’, इंग्रजी कागदांवर ‘बेलगाम’ आणि नव्या कागदांवर ‘बेळगावी’, अशी तीन रूपे आढळतात. पैकी कोणते ‘मूळ’, यावर राजकारण होत राहील, परदेशी अधिकाऱ्याला त्यात रस नाही. केरळ विधानसभेने २०२४ च्या जूनमध्ये ‘केरळम’चा ठराव पुन्हा संमत केला, आणि त्या राज्यातून लाखो माणसे परदेशी गेलेली आहेत.

पुढील पिढीसाठी तर हा प्रश्न अधिक काटेकोर होणार आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या २०२३ च्या दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून, शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत, जन्मदाखलाच धरला जातो. त्याला जोड म्हणून शाळेचा दाखला पुढे करण्याची सवलत या मुलांना नाही. अहमदनगरचे अहिल्यानगर झाले २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये. त्या शहरात एकाच रुग्णालयात दीड-दोन वर्षांच्या अंतराने जन्मलेली दोन भावंडे उद्या आई-वडिलांसोबत एकाच अर्जात असतील, तेव्हा त्यांच्या दाखल्यांवर दोन जन्मगावे लिहिलेली असतील.