पाठांतराने पिंग लागत नाही

४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवतेय? सोमवार होता. नऊच्या सुमारास व्हॉट्सअॅप गप्प झालं, इन्स्टा उघडेना, फेसबुकही गायब. आपण सगळ्यांनी आधी स्वतःचा फोन तीनदा बंद-चालू केला, मग घरच्या वायफायला शिव्या घातल्या. घडलं होतं भलतंच. देखभालीच्या नेहमीच्या कामात दिलेल्या एका कमांडमुळे कंपनीच्या डेटा सेंटर्सना जोडणारं अख्खं जाळं बसलं. त्यापाठोपाठ, तिथवर कसं पोचायचं हे बाकीच्या इंटरनेटला सांगणाऱ्या वाटाही मागे घेतल्या गेल्या. सर्व्हर शाबूत, पण तिथे जायला रस्ताच नाही! सहाएक तास हा गोंधळ चालला. दुरुस्तीसाठी इंजिनीअरांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावं लागलं.

या वाटा आखण्याचं काम म्हणजे राउटिंग. ते शिकायचं म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव निघतं सीसीएनएचं. सिस्को कंपनीची ही परीक्षा १९९८ पासून आहे. सध्याचा कोड २००-३०१, वेळ १२० मिनिटं, प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षं. डिग्रीची अट नाही, त्यामुळे डिप्लोमावाल्यापासून बीकॉमवालीपर्यंत कुणीही बसू शकतं. फी मात्र ३०० डॉलर. करासकट हिशेब तीस हजारांच्या घरात जातो आणि नापास झालात तर पुन्हा तेवढेच.

डम्पचं दुकान चालतं ते नेमकं या भीतीवर. डम्प म्हणजे परीक्षेतले फोडलेले प्रश्न, उत्तरांसकट, पीडीएफमध्ये. घरातून एकदा पैसे मागितलेले असतात, दुसऱ्यांदा मागायचं तोंड नसतं. मग 'सगळेच करतात' म्हणत आपणही पाठ करायला बसतो. ही घालमेल आम्हाला समजते. पण पैसे वाचवायला निघालेला माणूस इथे सगळेच पैसे घालवून बसतो. गैरप्रकार उघड झाला तर सिस्को प्रमाणपत्र रद्द करू शकते, हे झालं एक. त्याहून मोठी पंचाईत मुलाखतीत होते. समोरचा शांतपणे विचारतो, ''एकाच स्विचवर दोन पीसी आहेत, दोघांनाही आयपी दिलाय, पण पिंग होत नाही. काय काय बघाल?'' इथे अ, ब, क, ड पर्याय नसतात. केबल आणि पोर्टचा दिवा, मग मास्क, मग दोन्ही पोर्ट एकाच व्हीलॅनमध्ये आहेत का, शेवटी पीसीचा फायरवॉलच पिंग अडवतोय का, हा क्रम हाताला लागलेला असावा लागतो.

आणि विषय वाटतो तेवढा परका नाही हो. स्विच म्हणजे सोसायटीचा वॉचमन. कोण कुठल्या फ्लॅटमध्ये राहतं हे त्याला येणाऱ्या-जाणाऱ्यांना बघूनच पाठ होतं, आणि नाव अनोळखी असेल तर तो सगळ्या मजल्यांना हाक मारतो. राउटरचं डोकं मात्र पोस्टासारखं चालतं. ४११०३८ हा पिनकोड घ्या. दिल्लीतल्या माणसाला सुरुवातीचा ४ दिसला की पत्र आपल्या बाजूला निघतं, ४११ वर पुणं ठरतं, कोथरूडचा विचार पुण्यात आल्यावर. राउटरही पत्त्याचा पुढचा भाग जुळवून बघतो आणि दोन वाटा जुळल्या तर जिचा जुळलेला भाग जास्त लांब, ती निवडतो. (१५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही पिनकोडची योजना आखली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. मराठी माणूस आणि संस्कृतचे कवी! नेटवर्किंग फक्त 'टेक्निकल' डोक्यांचं काम आहे असं कुणी म्हटलं, तर हे नाव सांगा.)

सबनेटिंगला सगळेच घाबरतात. /२६ म्हणजे ६४ पत्ते, त्यातला पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, वापरायला उरले ६२. परीक्षेत कॅल्क्युलेटर मिळत नाही, म्हणून रोज अशी दहा गणितं कागदावर करा. महिनाभरात बस्स होईल. अभ्यासक्रमात सर्वाधिक २५ टक्के वजन आयपी कनेक्टिव्हिटीला, म्हणजे राउटिंगलाच आहे. वेळ द्यायचा तो तिथे.

महागडी लॅब नाही ही सबब तर चालणारच नाही. पॅकेट ट्रेसर सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवलं की फुकट मिळतो आणि साध्या लॅपटॉपवर चालतो. क्लासला हजारो रुपये भरण्याआधी तिथे सराव किती करून घेतात ते विचारा. 'शंभर टक्के जॉब गॅरंटी'चा बोर्ड दिसला तर सरळ पुढे चालू लागा. सीसीएनए नोकरी देत नाही, मुलाखतीच्या खोलीपर्यंत नेते. पहिली नोकरीही बऱ्याचदा रात्रपाळीची असते, स्क्रीनवरचे अलार्म बघत बसण्याची. तीही बिघाड शोधण्याचीच शाळा.

आज जेवणं झाली की दोन राउटर, दोन स्विच, चार पीसी जोडा. पिंग लागला की एका पोर्टचं व्हीलॅन बदला, एका ठिकाणी मास्क चुकवा आणि फाइल मैत्रिणीला पाठवून द्या. तिने बिघडवलेली तुम्ही घ्या. राउटरचा पोर्ट लालच दिसतोय? घाबरू नका, सिस्कोच्या राउटरचे पोर्ट मुळात बंद असतात. 'नो शटडाउन' द्यायला पहिल्या दिवशी सगळेच विसरतात.