शिपायाचे हृदय आणि साहेबाचे हृदय



हृदयविकार हा साहेबांचा रोग, असे आपण पूर्वापार ऐकत आलो. जबाबदारी मोठी, म्हणून झटका त्यालाच येणार! हा समज लंडनच्या सरकारी कचेऱ्यांत खोटा ठरला.

१९६७ साली डोनाल्ड रीड आणि जेफ्री रोज या डॉक्टरांनी तिथल्या सुमारे १८,००० पुरुष कर्मचाऱ्यांची तपासणी सुरू केली. कचेऱ्यांचा तो भाग व्हाइटहॉल, म्हणून अभ्यासालाही तेच नाव पडले. १९७८ साली मायकेल मार्मट व सहकाऱ्यांनी निष्कर्ष मांडला. हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांपेक्षा सर्वांत खालच्या शिपाई-हरकाम्यांत सुमारे साडेतीन पट होते! हा फरक दोन टोकांपुरता नव्हता. एकेक पायरी खाली उतरावे, तसे मरण वाढत होते.

कोणी म्हणेल, खालची माणसे सिगारेट ओढतात, त्याचेच हे फळ. त्यांच्यात धूम्रपान जास्त होते, हे खरे. पण धूम्रपान, रक्तदाब, रक्तातली चरबी हे सारे हिशेबात धरूनही निम्म्याहून अधिक फरक शिल्लकच राहिला. सरकारी दवाखाना तर तिथे सर्वांनाच मोफत. मग उणीव कोठे?

संशोधनातल्या नेतृत्वाची कसोटी इथेच लागते. 'लोकांच्या सवयी वाईट' असे म्हणून मार्मट यांनी वही मिटली नाही. १९८५ साली त्यांच्या नेतृत्वाखाली दुसरा अभ्यास सुरू झाला. त्यात १०,३०८ कर्मचारी होते आणि या वेळी स्त्रियाही होत्या. रक्त तपासलेच, पण प्रश्नही विचारले: काम कसे करायचे हे तुम्ही ठरवता का? वरिष्ठांचा आधार मिळतो का? ज्यांचा स्वतःच्या कामावर ताबा कमी, त्यांना हृदयविकार अधिक, असे त्यातून दिसले.

पुढे २००५ साली जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याच्या सामाजिक कारणांचा शोध घेण्यासाठी आयोग नेमला, तो मार्मट यांच्याच अध्यक्षतेखाली. घर, शिक्षण, रोजगार, मिळकत यांतली विषमता माणसे मारते, हे त्या आयोगाने २००८ च्या अहवालात स्पष्ट सांगितले.

तेव्हा घरात कुणाच्या छातीत दुखले तर आधी दवाखाना गाठा. विडी-तंबाखूही सोडा. पण युनियनच्या बैठकीत पगारवाढीबरोबर आणखी एक मागणी ठेवा: कामाच्या पद्धतीत आमचेही म्हणणे ऐकले जावे. ही मागणी मानाची आहे, तशीच ती आरोग्याचीही आहे.